दप्तरखान्यातली शिडी

मी शिडी बोलतेय. हसू नका. भिंतींना कान असतात हे तुम्ही बिनतक्रार मानता, मग शिडीला तोंड फुटलं तर त्यात एवढं काय?

मला नऊ पायऱ्या आहेत. एका मोडक्या दाराच्या चौकटीतून सुताराने मला घडवलं, तेही या खोलीतच बसून. खोलीची उंची त्याने तीन वेळा मोजली. दाराची उंची मोजायची मात्र राहून गेली. मी उभी राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की मला आता बाहेर काढायचं म्हणजे कापावंच लागेल. दप्तरदार म्हणाला, "बाहेर न्यायचीय कुणाला? राहू दे." अशी मी जन्मल्यापासून उंबऱ्याच्या आत आहे. कित्येक घरंदाज बायकांना जमलं नसेल ते मला जमलंय.

ही खोली म्हणजे नगरपालिकेचा दप्तरखाना. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी मांडण्या, त्यांत जाड पुठ्ठ्याच्या वह्या. गावातलं प्रत्येक घर, अंगण, गोठा आणि पडीक तुकडा या वह्यांत नोंदलेला होता. चौथ्या भिंतीत खिडकी होती. लोक तिच्या बाहेर उभे राहायचे, आतून दप्तरदार विचारायचा, "कुठली गल्ली?" नंबर त्याने कधीच विचारला नाही. वह्या त्याने गल्ल्यांच्या क्रमाने लावल्या होत्या. विहिरीकडून निघालात की उजव्या हाताला जे घर पहिलं, ते वहीतही पहिलं. माझ्यावर चढून तो हात लांब करायचा आणि वही न बघता काढायचा.

तो चपला खाली काढूनच चढायचा. त्याचे तळवे मऊ आणि कोरडे होते. मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, तळव्यांवरून ओळखते. चेहरा खोटं बोलतो, वजनाला ते जमत नाही.

दप्तरदार वाईट माणूस नव्हता. त्याला एक खोड होती, आणि सगळं रामायण त्या खोडीतून झालं. त्याला वहीत खाडाखोड चालत नसे. अक्षर इतकं देखणं की पान उघडलं की बघत राहावं. आता घर म्हटलं की बदल आलेच. कुणी मागची खोली बहिणीला दिली, कुणी अंगणातून शेजाऱ्याला वाट दिली. अशा वेळी पानावर रेघ मारून नवीन नोंद करायची असते. दप्तरदाराचा हात धजायचा नाही. तो एक चिठ्ठी लिहायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायचा आणि ती टाचणीने पानाला लावून टाकायचा. "पक्की नोंद सावकाश करू," म्हणायचा. ते सावकाश कधी उजाडलं नाही. पण गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. चिठ्ठी लागली म्हणजे काम झालं, असंच सगळे धरून चालायचे. वाद झालाच तर म्हणायचे, "चल दप्तरदाराकडे, चिठ्ठी बघू." आणि चिठ्ठी बघून लोक खरोखर गप्प घरी जायचे. हे मी स्वतः पाहिलंय.

विहिरीच्या गल्लीत एक कुलूपवाला राहायचा. त्याची मुलगी लग्नानंतर चार वर्षांत परत आली. का आली ते त्याने सांगितलं नाही आणि दप्तरदाराने विचारलं नाही. कुलूपवाला खिडकीशी उभा राहून एवढंच म्हणाला, "मागच्या दोन खोल्या पोरीच्या. माझ्यामागे तिला कुणी ऊठ म्हणता कामा नये." चिठ्ठी झाली. दप्तरदार माझ्या सातव्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने टाचणी लावली. मुलीने त्या खोलीच्या खिडकीत शिवणयंत्र मांडलं. पुढे गावातल्या निम्म्या पोरींचे फ्रॉक आणि निम्म्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या तिनेच शिवल्या.

त्याच वर्षी एक दुसरी चिठ्ठी लागली, भट्टीवाल्याची. हा पाव भाजायचा. भट्टीची जागा त्याच्या जुन्या मालकाची. मालकाला मूलबाळ नव्हतं. आजारपणात त्याने दप्तरदाराला घरी बोलावून सांगितलं, "ही जागा याची. तीस वर्षं माझ्यासाठी धग सोसली त्याने." साक्षीदारांपैकी एक होता कुलूपवाला. दुसरा होता मालकाचा डॉक्टर, तो लवकरच गाव सोडून गेला. मालकही गेला.

मग नगरपालिकेला गोदाम बांधायचं निघालं, आणि जागा हवी होती नेमकी भट्टीची.

एका दुपारी अध्यक्ष स्वतः या खोलीत आले. खुर्ची पुसून दिली तरी बसले नाहीत. वह्यांकडे बघत म्हणाले, "दप्तरदार, तुमचं दप्तर फार स्वच्छ आहे म्हणतात. पण पानापानाला या चिंध्या कसल्या टाचून ठेवल्यात?"

"चिंध्या नाहीत साहेब, चिठ्ठ्या आहेत."

"तेच ते. वहीत नाही ती नोंद नाही. भट्टीच्या पानावर काही लटकत असेल तर काढून टाका. दप्तर पालिकेचं आहे, आणि तुम्हीही पालिकेचेच आहात ना?"

ते गेल्यावर दप्तरदार बराच वेळ टेबलाशी बसून राहिला. मग उठला आणि चपला न काढता माझ्यावर चढला. तेवढ्या एकाच वेळी तो चपलांसकट चढला. सातव्या पायरीवर उभं राहून त्याने वही उघडली, टाचणी काढली, चिठ्ठी हातात घेतली. फाडणार असं मला वाटलं. त्याच्याने फाडवेना. तो आठव्या पायरीवर गेला, नवव्या पायरीवर गेला, आणि मांडणीच्या अगदी माथ्यावर, छताला लागून जी वीतभर फट आहे, तिथे त्याने ती सरकवली. मी थरथरत होते. तो म्हणाला, "हलू नकोस गं." माझ्याशी तो कधी बोलल्याचं मला तेवढंच आठवतं.

मी हलले असते तर काय झालं असतं, हा विचार मी अजून करते. तो पडला असता, चिठ्ठी खाली आली असती, कुणीतरी पाहिली असती. पण मी हलले नाही. मला घट्ट उभं राहायलाच शिकवलं होतं.

सोमवारी भट्टी बंद असायची. त्या सोमवारी अकरा वाजता भट्टीवाला खिडकीशी आला. पालिकेची नोटीस त्याच्या हातात होती.

"दप्तरदारसाहेब, चिठ्ठी तुम्हीच लावली होती. तुमच्या हाताची."

"पानावर काही नाही."

"असं कसं नाही? एकदा नीट बघा ना."

"वर जाऊन स्वतःच बघ," दप्तरदार म्हणाला. नियमाने बाहेरच्या माणसाला आत घ्यायची परवानगी नव्हती. पण त्याला बहुतेक डोळ्यांसमोरून तो चेहरा हलवायचा होता.

भट्टीवाला चढला. जड माणूस, तळव्यांना भाजल्याचे चट्टे. सातव्या पायरीवर थांबून त्याने वही उघडली. पानाच्या कडेला टाचणीची दोन भोकं होती आणि भोवती गंजाचा पिवळट डाग. त्याने त्यावर बोट ठेवलं. खाली दप्तरदार खिडकीबाहेर बघत होता. भट्टीवाल्याचं बोट तिथून हललं नाही. इतका वेळ गेला की दप्तरदारालाच म्हणावं लागलं, "उतर आता."

"उतरतो, साहेब," तो म्हणाला.

त्यानंतर कुलूपवाला आला. त्याला सगळं कळलं होतं. तो खिडकीशी न थांबता थेट आत घुसून माझ्या पायाशी उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी सही केली होती त्यावर."

दप्तरदाराने मान वर केली नाही. "तुझ्या मुलीची चिठ्ठीही वरच आहे ना?"

"आहे."

"मग तिची काळजी कर."

धमकी म्हणावी तर आवाजात जोर नव्हता, सल्ला म्हणावा तर ती धमकीच होती. कुलूपवाला मूग गिळून घरी गेला. पालिकेच्या चौकशीत त्याला विचारलं तेव्हा "मला आठवत नाही" म्हणाला. भट्टी पाडली. गोदाम उभं राहिलं.

भट्टीवाला त्यानंतर दर सोमवारी अकराला खिडकीशी यायचा. भांडायचा नाही. "एकदा पुन्हा बघता का, साहेब?" एवढंच. दप्तरदार उठायचा, माझ्यावर चढायचा, वही उघडायचा, मिटायचा आणि खाली येऊन म्हणायचा, "नाही." असं दोन वर्षं चाललं. मग एका सोमवारी तो आला नाही. पुढच्या गल्लीतून त्याला खांद्यावरून मसणात नेताना लोकांच्या पावलांचा आवाज आला, तेव्हा आम्हाला कळलं.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता माझी पहिली पायरी दबली.

खोलीत फक्त दप्तरदार होता, तोही टेबलाशी. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी करकरते, ती करकरली. दप्तरदाराने दचकून वर पाहिलं. चौथी, पाचवी, सहावी, सातवी. वजन ओळखीचं होतं. सातव्या पायरीवर ते थांबलं. एक पान उलटून त्यावर बोट ठेवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला. मी वाट बघत होते की आता ते खाली येईल. ते आलं नाही. वर जाणवलं तेवढं जाणवलं, उतरताना काही नाही. त्या सोमवारपासून हे दर आठवड्याला होत राहिलं. दप्तरदाराने सोमवारची रजा टाकायला सुरुवात केली.

तुम्ही म्हणाल, लाकूड हवेने फुगतं, आकसतं, करकरतं. म्हणा. मीही आधी स्वतःची तशीच समजूत घातली होती. पण हवेला तळवे नसतात हो. ते चट्टे मला कळायचे. मला भीती वाटायची. ज्याला मी खाली पाडायला हवं होतं त्याला मी पेलून धरलं, आणि ज्याला पेलायला हवं होतं तो आता कायमचा माझ्या अंगावर उभा होता.

अशी बरीच वर्षं गेली. कुलूपवाला वारला. घर वहीत त्याच्या मुलाच्या नावावर चढलं. ती नोंद पक्की झाली, कारण नवीन पानावर करायची होती. मुलगा बाहेरगावी राहायचा. बहीण मागच्या खोल्यांत शिवत राहिली.

मग राज्य सरकारचा हुकूम आला: गावोगावचे दप्तरखाने यापुढे राज्याच्या ताब्यात, सगळ्या वह्या राजधानीतल्या एका केंद्रात जातील, तिथे त्या यंत्रात घालून पडद्यावर आणतील. नगरपालिका चवताळली. सभेत कुणीतरी गर्जना केली म्हणे, "आमच्या गावची घरं परक्यांनी मोजायची?" राज्याचा माणूस येऊन दाराला कुलूप लावून गेला. पालिकेने त्यावर आपलं कुलूप ठोकलं. आता दोघांपैकी एकालाही आत येता येईना. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याच्या वाट्याला नुसते हेलपाटे आले. तीन महिने लोक त्या दोन कुलपांकडे बघून परत जात होते. आत मी आणि सोमवारचा तो, दोघंच होतो.

खरं सांगू? मला राज्याचं येणं आवडलं होतं. कुणी अध्यक्ष दुपारी येऊन पान हलकं करून जाणार नाही, एकच नियम सगळ्यांना लागेल, असं वाटलं. पालिका कोर्टात हरली. राज्याची माणसं आली, चांगली माणसं होती, कामाची होती. वऱ्हांड्यात नोटीस लागली: ज्यांच्या हक्काची वहीत पक्की नोंद नाही, त्यांनी महिन्याभरात अर्ज द्यावा. लोकांची रांग लागली. चिठ्ठीवाले बहुतेक सगळे येऊन नोंद करून गेले.

कुलूपवाल्याची मुलगी मात्र आली नाही. तिच्या भावाने फोनवर सांगितलं होतं, "ताई, घर तुझंच आहे. त्या रांगेत कशाला उभी राहतेस?" भाऊ मनापासून म्हणाला होता. वर्षभरात तोही वारला.

वह्या नेताना हुकूम होता: फक्त बांधीव वह्या द्या, सुटे कागद, चिठ्ठ्या, टाचण्या काढून टाका, यंत्रात अडकतात. दप्तरदार निवृत्तीला आला होता. तीन दिवस तो चिमट्याने टाचण्या काढत बसला. वह्या इतक्या स्वच्छ निघाल्या की राज्याच्या माणसांनी त्याचं कौतुक केलं. एकही खाडाखोड नाही! त्यावर तो हसला नाही. सगळ्या चिठ्ठ्या त्याने एका फडक्यात बांधल्या आणि नवव्या पायरीवर जाऊन त्याच फटीत कोंबल्या, भट्टीवाल्याच्या चिठ्ठीशेजारी. गुडघे धरून खाली आला आणि दार लावून निघून गेला. सहा महिन्यांत गेला तो. मी त्याची खूप वाट पाहिली. इतकी वर्षं माझ्यावर चढला, मेल्यावर एकदा तरी येईल असं वाटलं. तो कधीच आला नाही.

वह्या गेल्या, टेबल गेलं. मी दारातून जाईना म्हणून मागे राहिले. मांडण्या भिंतीत बसवलेल्या होत्या, म्हणून त्याही राहिल्या. रिकाम्या मांडण्यांपुढे मी एकटी उभी असायचे आणि सोमवारी सातव्या पायरीवर तो.

पाच वर्षांनी दार उघडलं. दिवस बुधवार होता.

आत दोघी आल्या. एक तरुण होती, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, राज्याच्या खात्यातली अधिकारी. दुसरी पन्नाशी ओलांडलेली, बोटांना सुईचे घट्टे. चेहऱ्यावरून मी ओळखत नाही, तरी उभं राहण्याची तऱ्हा बापाचीच होती.

"मावशी, मला परत एकदा सांगा," अधिकारी म्हणाली.

"काय सांगू, मॅडम? भाच्याने घर विकलं. पूर्ण घर. मी म्हटलं, अरे, मागच्या खोल्या माझ्या आहेत, तुझ्या आजोबांनी दिल्यात. तो म्हणतो, आत्या, पडद्यावर फक्त बाबांचं नाव आहे, मी मुद्दाम काही केलं नाही. खरंच नसेल केलं. बिचाऱ्याने मला त्याच्याकडे राहायला बोलावलंय. पण मी माझं यंत्र कुठे मांडू? तिसऱ्या मजल्यावर? माझी गिऱ्हाइकं खिडकीतून हाका मारतात. तीस वर्षं त्याच खिडकीत बसलेय मी. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्यात."

"केंद्रात काय म्हणाले?"

"पडद्यावर नाही म्हणाले. चार वेळा गेले, चारही वेळा तेच. एकाने तर मला पडदा फिरवून दाखवला. म्हणे, तुम्हीच शोधा."

अधिकारी जरा ओशाळली. "मी मूळ वही मागवली. तुमच्या वडिलांच्या पानाला टाचणीची दोन भोकं आहेत, गंजाच्या डागासकट. तिथे काहीतरी लावलेलं होतं. म्हणून म्हटलं, खोली बघावी."

तिने मांडण्या चाचपल्या, कप्पे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"ही धरेल का मला?"

"मी धरते तिला," बाई म्हणाली. तिने दोन्ही हातांनी माझ्या उभ्या दांड्या पकडल्या. कसून पकडल्या. बोटं खरखरीत होती आणि गरम होती. इतक्या वर्षांत माझ्यावर चढणारे आले, पण मला धरून कुणी उभं राहिलं नव्हतं.

अधिकारी नवव्या पायरीपर्यंत आली आणि तिचा हात फटीत गेला. फडकं सापडलं. ती सातव्या पायरीवर उतरून तिथेच बसली आणि मांडीवर गठ्ठा सोडला. एक एक चिठ्ठी बघत गेली. मध्येच ओरडली, "मावशी, मिळाली! मागच्या दोन खोल्या. वडिलांची सही, दोन साक्षीदार, तारीख. सगळं आहे!"

खाली बाई रडायला लागली. हात मात्र तिने सोडले नाहीत.

"थांबा, इथे बाजूला अजून एक आहे. फडक्याच्या बाहेर." अधिकारी वाचू लागली आणि वाचता वाचता हळू झाली. "भट्टीच्या जागेबद्दल आहे. पण ही तारीख... हे गोदाम ना, पलीकडचं? त्याच्या कागदांत स्पष्ट लिहिलंय की या जागेवर कुणाचाही हक्क नव्हता. म्हणजे ही चिठ्ठी आधीच काढून ठेवली होती."

बाई म्हणाली, "भट्टीवाला. लहानपणी आम्हाला तुटका पाव फुकट द्यायचा."

"साक्षीदार तुमचे वडील आहेत."

खाली हातांची पकड एकदम बदलली. मग बाई म्हणाली, "चौकशीत बाबा म्हणाले होते, आठवत नाही. मी विचारलं होतं त्यांना. नुसतं म्हणाले, तुझीही चिठ्ठी त्याच दप्तरात आहे. त्या दिवशी ते जेवले नाहीत."

अधिकारी पोरीने दोन्ही चिठ्ठ्या दोन हातांत धरल्या होत्या. "मावशी, सरळ बोलते. तुमची चिठ्ठी मी अहवालाला लावली तर बहुतेक मान्य होईल. भोकं जुळतात, सह्या आहेत. पण ही दुसरीही लावली तर वरचे म्हणतील, या खोलीत मनाला येईल तशा चिठ्ठ्या काढल्या-घातल्या जात होत्या, कुठल्याच चिठ्ठीवर भरवसा ठेवता येणार नाही. तुमचीही जाईल."

"आणि नाही लावली तर?"

"तर... मला ती दिसलीच नाही."

माझ्या सातव्या पायरीवर बसून, माझ्याच अंगावर. पुन्हा तेच. या वेळी अध्यक्ष नव्हता, धमकी नव्हती. पोरीच्या मनात दयाच होती. पण चिठ्ठी तीच आणि ती गायब करायची फटही तीच. मला किंचाळावंसं वाटलं. शिडीला किंचाळता येत नाही, फार तर करकरता येतं.

"भट्टीवाल्याचं आहे का कुणी?" बाईने विचारलं.

"नातू आहे, दुसऱ्या शहरात. पण मुदत उलटून गेलीय, त्याला जागा मिळणार नाही. फार तर पानावर एक ओळ लिहिली जाईल, की इथे चिठ्ठी होती. तुम्ही सगळं गमवाल आणि त्याला मिळेल एक ओळ."

"मग ठेवा बाजूला," बाई पटकन म्हणाली. "ठेवा. मेलेल्या माणसाला ओळ घेऊन काय करायचंय?"

अधिकारी पोरीने चिठ्ठीची घडी केली.

"नको," बाई म्हणाली. "थांबा. नको. बाबा माझ्या खोल्यांपायी गप्प बसले. मी तीस वर्षं त्यांच्या गप्प बसण्यात राहिले, मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. आता मी कशी राहू तिथे?" मग जरा चिडून म्हणाली, "लावा ती पण. लावा लवकर, माझं मन फिरायच्या आत."

अधिकारी हळूहळू खाली उतरली. दोन्ही चिठ्ठ्या तिने बाईसमोर फाइलला लावल्या. दोघी दार ओढून गेल्या.

पुढच्या सोमवारी अकराला पहिली पायरी दबली. मी सवयीने मोजत गेले. सातव्यावर तो थांबला, नेहमीएवढाच वेळ. आणि मग सहावी दबली. पाचवी, चौथी. तिसरी करकरली. दुसरी, पहिली. मग माझ्या अंगावर काहीच उरलं नाही. इतकं हलकं मला चौकटीतून कापून काढल्यापासून कधी वाटलं नव्हतं. तो परत आला नाही.

अधिकारी दोन महिन्यांनी एकदा आली, पालिकेच्या माणसाला किल्ली द्यायला. राज्याला खोलीची गरज उरली नव्हती. त्या माणसाने विचारलं, "त्या शिवणाऱ्या बाईंचं काय झालं हो?"

"नामंजूर झालं," ती म्हणाली. "त्यांनी मुदतीत खोल्या सोडल्या. यंत्र विकून गेल्या. भाच्याकडे आहेत म्हणतात, पण तिथेही फोन उचलत नाहीत. भट्टीच्या पानावर ओळ लिहिली गेली, ती मीच लिहिली." ती दारापाशी थोडी थांबली. तिला माझ्याकडे बघायचं नव्हतं, तरी तिने पाहिलंच.

त्या दिवसापासून पुन्हा सोमवार सुरू झालेत. चढत कुणी नाही. अकरा वाजता माझ्या दोन्ही दांड्यांना खाली, कमरेच्या उंचीवर, दोन हात पकडतात. खरखरीत, गरम. कसून पकडतात आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहतात. भट्टीवाला मेलेला होता, मेलेल्याचं वजन मी पेललं. ही बाई जिवंत आहे. कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर बसून ती अजून माझा तोल सांभाळतेय, आणि वर तर कुणीच नाही.

मला या उंबऱ्याबाहेर जाता येत नाही. तुम्हाला येतं. ती कुठे भेटलीच, तर माझा एवढा निरोप तिला द्या. म्हणावं, बाई, तो माणूस कधीच खाली उतरला, नीट उतरला. आता हात सोड.